एसी केमोथेरपी आणि उलट्यांचा बंदोबस्त: तासगाव तालुक्यातील एक प्रकरण

रुग्ण ३८ वर्षांची स्त्री, तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदार घरातली. डाव्या स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया झालेली, जखम भरलेली. पुढचे उपचार मिरजेत: दर २१ दिवसांनी एसीच्या (ॲड्रियामायसिन म्हणजेच डॉक्सोरुबिसिन, आणि सायक्लोफॉस्फामाइड) चार सायकल, नंतर पॅक्लिटॅक्सेल हे केमोचंच दुसरं औषध. उंची १५२ सेंमी, वजन ५२ किलो, शरीराचं पृष्ठफळ १.४८ चौरस मीटर. त्या हिशेबाने डॉक्सोरुबिसिन (प्रति चौ.मी. ६० मि.ग्रॅ.) साधारण ९० मि.ग्रॅ. आणि सायक्लोफॉस्फामाइड (प्रति चौ.मी. ६०० मि.ग्रॅ.) साधारण ९०० मि.ग्रॅ. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, ईसीजी आणि इको व्यवस्थित.

हे कुणा एका व्यक्तीचे केसपेपर नाहीत. सांगली-मिरजेकडे उपचाराला येणाऱ्या रुग्णांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका रुग्णात एकत्र करून मांडल्या आहेत. प्रकरण उलट्यांचंच निवडलं, कारण ‘केमो म्हटलं की उलट्या आल्याच’ असं घरचेही धरून चालतात आणि कधीकधी उपचार करणारेही. आज ते खरं नाही. योग्य औषधं योग्य वेळी पोटात गेली, तर एसी घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांची उलटी थांबवता येते. मळमळ मात्र चिवट असते, तिच्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं.

पहिली सायकल

सुरुवातीला तपासण्या सगळ्या झाल्या, पण तीन साधे प्रश्न राहिले. गाडी लागते का? दिवस गेले होते तेव्हा उलट्यांचा त्रास किती होता? आधी कधी भूल दिल्यावर किंवा एखाद्या औषधाने फार ओकाऱ्या झाल्या होत्या का? या बाईंना एसटी लागत होती. दोन्ही बाळंतपणांत चौथ्या महिन्यापर्यंत अन्न टिकत नव्हतं, एकदा सलाईन लावावं लागलं होतं. वय पन्नाशीच्या आतलं, स्त्री, दारूचा स्पर्श नाही. केमोनंतर उलट्यांची शक्यता वाढवणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी होत्या, आणि त्या कागदावर कुठेच नव्हत्या.

त्यातच एसीला ‘मध्यम’ गटात धरून औषधं लिहिली गेली: केमोआधी शिरेतून ऑनडॅनसेट्रॉन ८ मि.ग्रॅ. आणि डेक्सामेथासोन ८ मि.ग्रॅ., घरी ‘लागली तर एमसेट’ (ऑनडॅनसेट्रॉनचीच गोळी). डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड एकत्र आले की उलट्यांचा धोका सर्वांत वरच्या गटात जातो, म्हणजे प्रतिबंधक औषध दिलं नाही तर शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांना उलट्या होतात. जुन्या तक्त्यांत एसी मध्यम गटात असे; अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २०११ मध्ये ते वरच्या गटात घेतलं. तरी जुना तक्ता एखाद्या वॉर्डच्या भिंतीवर अजून चिकटलेला असू शकतो. तो आधी काढावा.

दुपारी दोनला केमो संपली. बाई चालत बाहेर आल्या, चहा घेतला, संध्याकाळी घरी पोचल्या. सगळ्यांना वाटलं, निभावलं. रात्री दहाच्या सुमाराला पहिली उलटी झाली आणि पहाटेपर्यंत आठ-नऊ झाल्या, शेवटी शेवटी नुसते कोरडे उमासे. ही वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. सायक्लोफॉस्फामाइडच्या उलट्या बहुधा उशिरा, आठ-दहा तासांनी सुरू होतात, आणि तोवर रुग्ण रुग्णालयातून कधीच निघालेला असतो. वॉर्डातल्या नोंदीत ‘त्रास नाही’ असंच राहतं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दवाखान्यात सलाईन आणि मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन, संध्याकाळी पुन्हा एक. उलट्या थोड्या कमी झाल्या, पण रात्री वेगळंच सुरू झालं. एका जागी बसवेना, पाय थांबेनात, उठबस चालू, ‘जीव कसातरी होतोय’ एवढंच सांगता येत होतं. घरच्यांना वाटलं, आजाराची धास्ती घेतली. ते मेटोक्लोप्रामाइडचं काम होतं. हे औषध मेंदूतल्या डोपामिनला अडवतं, त्यातून अशी अस्वस्थता येते. कधी मान वाकडी होते, जबडा आवळतो. अशा वेळी प्रोमेथाझिनचं इंजेक्शन बहुधा आराम देतं. इथे दुसऱ्या दिवशी ते आपोआप ओसरलं, पण बाईंच्या मनात ते केमोच्याच खात्यावर जमा झालं. पुढे याची किंमत मोजावी लागली.

पाचव्या दिवशी रक्तातलं पोटॅशियम ३.१ पर्यंत उतरलेलं, तीन दिवस शौचास झालेली नाही, वजन दोन किलोने कमी.

उलटी दोन वाटांनी येते

पुढचे निर्णय समजायला एवढं पुरेसं आहे. केमोचं औषध गेल्यावर पहिल्या दिवशी आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात. ते तिथल्या मज्जातंतूच्या टोकांना चेतवतं आणि निरोप मेंदूतल्या उलटीच्या केंद्राकडे जातो. ऑनडॅनसेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही मंडळी ही वाट अडवतात. दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंतचा त्रास मुख्यतः मेंदूतच, ‘सबस्टन्स पी’ नावाच्या रसायनामार्फत चालतो. तिथे ॲप्रेपिटंट लागतं. म्हणून तिसऱ्या दिवशी उलटी होतेय म्हणून एमसेटवर एमसेट देत राहण्यात फारसं हशील नाही; गोळी चुकीच्या दारावर पहारा देत असते, आणि बद्धकोष्ठ तेवढा वाढतो. डेक्सामेथासोन दोन्ही काळांत मदत करतं. ऑलान्झापिन अनेक रिसेप्टर एकाच वेळी अडवतं आणि मळमळीवर या सगळ्यांत जास्त उपयोगी तेच पडतं.

दुसरी सायकल: चिठ्ठी बरोबर, तरी त्रास

पोटॅशियम भरून काढल्यावर (ते कमी असताना ऑनडॅनसेट्रॉनसारख्या औषधांनी हृदयाच्या ठोक्याची लय बिघडण्याचा धोका वाढतो) दुसऱ्या सायकलला चार औषधं लिहिली. ॲप्रेपिटंट १२५ मि.ग्रॅ. केमोआधी एक तास, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ८० मि.ग्रॅ. पॅलोनोसेट्रॉन ०.२५ मि.ग्रॅ. शिरेतून एकदाच. डेक्सामेथासोन पहिल्या दिवशी १२ मि.ग्रॅ., दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सकाळी ८ मि.ग्रॅ. ऑलान्झापिन ५ मि.ग्रॅ. रोज रात्री, चार रात्री. डेक्सा २० ऐवजी १२ का, तर ॲप्रेपिटंट यकृतातलं डेक्सा मोडणारं एन्झाइम मंदावतं आणि डेक्साचा परिणाम जवळजवळ दुप्पट होतो.

चिठ्ठीत दोष नव्हता. पहिल्या चोवीस तासांत केमोची म्हणावी अशी उलटी झालीही नाही. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात मात्र तीन उलट्या झाल्या आणि मळमळ दहापैकी सात. इथे ‘हिला औषधं लागूच पडत नाहीत’ असं म्हणून आणखी एक औषध चढवणं सोपं होतं. त्याऐवजी घरच्या पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतून एकेक मोजल्या. मग तीन गोष्टी बाहेर आल्या.

पहिली. ॲप्रेपिटंटची १२५ ची कॅप्सूल बाईंनी सकाळी सहाला घरीच, निघताना घेतली. एसटीत बसल्यावर पंचवीस मिनिटांत गाडी लागली आणि सगळं बाहेर. कॅप्सूल गेली. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती पुन्हा द्यायची असते, पण वॉर्डात कुणी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही, कारण एसटी लागणं हे त्यांच्या लेखी नेहमीचंच.

दुसरी. डेक्साच्या ‘दोन गोळ्या सकाळी’ असं लिहिलं होतं, ४ मि.ग्रॅ.च्या धरून. गावातल्या मेडिकलमध्ये ०.५ मि.ग्रॅ.ची पट्टी मिळाली, कारण तीच सर्रास खपते. दोन गोळ्या म्हणजे १ मि.ग्रॅ., ठरलेल्या मात्रेचा आठवा हिस्सा. कुणाचीही नियत वाईट नव्हती, चिठ्ठीवर मि.ग्रॅ. नसून गोळ्यांची संख्या होती, एवढंच.

तिसरी. ऑलान्झापिनची पट्टी न फोडलेली. दुकानात कुणीतरी सांगितलं, ‘ही वेड्याची गोळी आहे.’ सासूबाई म्हणाल्या, ‘आधीच एवढं दुखणं, त्यात डोक्याची औषधं कशाला?’ त्यांचं म्हणणं चुकीचं ठरवून भागत नाही. ऑलान्झापिन मानसिक आजारांवर वापरलं जातं हे खरंच आहे. ते आधी आपणच सांगायला हवं, म्हणजे दुकानातून कळायची वेळ येत नाही. पुढे नर्सताईंनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, ‘मावशी, हीच गोळी मोठ्या मात्रेत महिनोन् महिने दिली की मनाच्या आजारावर चालते. आपण थोडी देतोय, चारच रात्री, मळमळीसाठी. सवय लागत नाही.’ त्यानंतर घरातून पुन्हा अडचण आली नाही.

तिसरी सायकल: औषध जाण्याआधीच मळमळ

आदल्या संध्याकाळीच तोंडाला पाणी सुटायला लागलं. सकाळी एसटी मिरजेच्या स्टँडात वळली आणि पोटात ढवळलं. वॉर्डात डॉक्सोरुबिसिनची लाल सिरिंज ट्रेमध्ये दिसताच एक उलटी झाली, थेंबही शरीरात गेलेला नसताना. ही अपेक्षेने येणारी उलटी. पहिल्या दोन सायकलच्या त्रासाशी जागा, वास आणि रंग मनात जोडले जातात आणि मग औषधाची गरज उरत नाही. ॲप्रेपिटंट-ऑनडॅनसेट्रॉन इथे जवळपास निरुपयोगी. पहिल्या सायकललाच पूर्ण बंदोबस्त करण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. ही गाठ एकदा बसली की सोडवणं कठीण.

त्या दिवशी पडदा ओढून घेतला, तासभर थांबून मग सुरुवात केली, आणि चौथ्या सायकलसाठी आदल्या रात्री लोराझेपाम (धास्ती कमी करणारी, गुंगी आणणारी गोळी) १ मि.ग्रॅ. आणि सकाळी निघताना अर्धा मि.ग्रॅ. असं ठरवलं, सोबत माणूस असेल तरच. घरी एसटीसाठी एव्होमिन घेत असत. ते लोराझेपामसोबत नको म्हणून सांगितलं, गुंगीवर गुंगी चढते. त्याऐवजी पुढची सीट, खिडकी उघडी, निघण्याआधी कोरडी भाकरी किंवा दोन बिस्किटं, चहा नाही. लाल सिरिंजवर पांढरं फडकं गुंडाळायची सूचना चार्टवर लिहिली. बिनपैशाची गोष्ट आहे, आणि पुष्कळ उपयोगी.

प्रतिबंधाची वेळ घड्याळावर बांधली. ॲप्रेपिटंटची पेटी वॉर्डात ठेवायची, कॅप्सूल साडेआठला नर्सच्या हातून. नऊला पॅलोनोसेट्रॉन, आणि डेक्सा १२ मि.ग्रॅ. १०० मि.ली. सलाईनमध्ये घालून पंधरा मिनिटांत. डेक्सा झटकन टोचलं की मांड्यांच्या मध्ये, गुदद्वाराजवळ अचानक आग आणि खाज उठते. बाया लाजून बोलत नाहीत, नुसत्या घाबरतात. साडेनऊला डॉक्सोरुबिसिन, वाहत्या सलाईनच्या बाजूच्या नळीतून सावकाश. मग सायक्लोफॉस्फामाइड.

ॲप्रेपिटंटऐवजी फोसॲप्रेपिटंट १५० मि.ग्रॅ. शिरेतून एकदाच देता आलं असतं, तीन दिवसांच्या कॅप्सूलचा आणि एसटीचा प्रश्नच मिटला असता. ते का नाही? डाव्या काखेतल्या गाठी काढलेल्या, म्हणजे सुई फक्त उजव्या हाताला. पोर्ट (औषधं देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली, मोठ्या शिरेत जाणारी नळी) नाही. त्याच हाताच्या शिरेतून डॉक्सोरुबिसिन जाणार. हाताच्या बारीक शिरेतून ही दोन्ही औषधं गेली की शीर सुजण्याचं, दुखण्याचं प्रमाण वाढतं. हाताला शिरा मोजक्याच उरल्या होत्या, पुढे पॅक्लिटॅक्सेलही होतं. पोर्ट असता तर निर्णय उलटा झाला असता.

घरचं डेक्सा काढूनच टाकलं. एसीमध्ये पॅलोनोसेट्रॉन, ॲप्रेपिटंट आणि ऑलान्झापिन व्यवस्थित जात असेल तर डेक्सा पहिल्याच दिवशी पुरतं, पुढे ऑलान्झापिन चालू ठेवायचं. एसीऐवजी सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध असतं तर दुसऱ्या ते चौथ्या दिवशीही डेक्सा ठेवावं लागलं असतं. डेक्सा कमी केल्याने रात्रीची झोपमोड, छातीतली जळजळ आणि पाचव्या दिवशीचं गळून जाणं, तिन्ही कमी होतं. मधुमेही रुग्णात तर साखरही आवरते. आणि घरी घ्यायच्या गोळ्या दोनच प्रकारच्या उरल्या, हे तितकंच महत्त्वाचं.

केमोनंतर या सायकलमध्ये एकही उलटी झाली नाही. मळमळ तीनच्या वर गेली नाही. पण ऑलान्झापिन ५ मि.ग्रॅ. ने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळे उघडेनात, आणि रात्री अंगणातल्या संडासाकडे जाताना भोवळ येऊन पडता पडता वाचल्या.

चौथी सायकल

ऑलान्झापिन २.५ मि.ग्रॅ. वर आणलं. पूर्वी १० मि.ग्रॅ. हीच ठरलेली मात्रा होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, टाटा मेमोरियलमधल्या चाचणीत २.५ मि.ग्रॅ. हे १० मि.ग्रॅ. च्या तुलनेत कमी पडलं नाही आणि झापड बरीच कमी होती. आपल्याच लोकांत, आपल्याच वजनाच्या रुग्णांत झालेलं काम आहे, आणि गोळी काही रुपयांची. आपल्याकडे सुरुवातच २.५ ने करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. गोळी रात्री नऊला, अंथरुणावर पडताना. रात्री उठायचं तर आधी कडेला बसायचं, कुणाला तरी हाक मारायची. त्या चार दिवसांत गाडी चालवायची नाही.

पॅलोनोसेट्रॉन रक्तात बराच काळ राहतं (अर्धायुष्य सुमारे ४० तास), म्हणून ते दिल्यावर घरी एमसेट लिहिलीच नाही. बद्धकोष्ठासाठी पहिल्या रात्रीपासून लॅक्ट्युलोज १५ मि.ली., दुसऱ्या दिवशीही पोट साफ नाही तर ३० मि.ली. पाणी कमी जात असताना इसबगोल देऊ नये, ते आत घट्ट होऊन बसतं. चौथ्या-पाचव्या दिवशीची ‘मळमळ’ पुष्कळदा भरलेल्या आतड्याची किंवा ॲसिडिटीची असते. बेंबीभोवती जड वाटतं का, छातीत जळतं का, हे विचारल्याशिवाय तिला केमोची मळमळ म्हणू नये.

राखीव म्हणून डेक्सा ४ मि.ग्रॅ. च्या दोन गोळ्या, मि.ग्रॅ. ठळक लिहून, फोन करून मगच घ्यायच्या. आणि गावातल्या डॉक्टरांसाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी: ऑलान्झापिन चालू आहे, त्यामुळे मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन देऊ नये, कारण तिन्ही डोपामिनच अडवतात, सलाईन जरूर द्यावं, चोवीस तास पाणीही टिकलं नाही, लघवी कमी झाली, किंवा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर तिथे न थांबवता पाठवावं. सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला असतात. तेव्हाच्या तापासोबतची उलटी हा जंतुसंसर्ग धरूनच चालायचं असतं.

खाण्याचं थोडक्यात. केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ देऊ नये. त्याच्याशी मळमळ जोडली गेली तर तो कायमचा नकोसा होतो. गरम अन्नाला वास जास्त, म्हणून ज्वारीची थंड आंबील, दहीभात, पेज, थोडं थोडं, दर दोन तासांनी. फोडणी दुसऱ्या कुणी द्यावी. या घरी सायकल नेमक्या बेदाण्याच्या हंगामात आल्या आणि शेडमधल्या गंधकाच्या धुरीने दुसऱ्या सायकलला हाल केले होते. चौथ्या वेळी बाई पाच दिवस मळ्यावरून गावातल्या घरी राहायला आल्या.

नोंदवहीत रोज दोनदा तीनच गोष्टी लिहायच्या होत्या: उलट्या किती आणि किती वाजता, मळमळ शून्य ते दहापैकी किती, कोणती गोळी घेतली. सातवीतल्या मुलीने ती लिहिली. ‘त्रास झाला का?’ असं विचारलं तर आपल्याकडच्या बाया ‘झाला थोडा’ म्हणून गप्प बसतात. वही गप्प बसत नाही. चौथ्या सायकलची वही: उलटी नाही, मळमळ तिसऱ्या दिवशी दोन, बाकी दिवस शून्य किंवा एक. झापड सकाळी आठपर्यंत. वजन टिकलं.

पॅक्लिटॅक्सेल हे उलट्यांच्या दृष्टीने खालच्या गटातलं औषध. ॲलर्जी टाळण्यासाठी त्याआधी डेक्सा दिलंच जातं आणि उलटीलाही बहुधा तेवढं पुरतं. म्हणून चार औषधांचा एसीचा छापील कागद त्या दिवशी फाइलमधून काढला, ॲप्रेपिटंट आणि ऑलान्झापिन बंद केलं. फक्त आदल्या रात्रीचं लोराझेपाम पहिल्या दोन वेळांसाठी ठेवलं, कारण स्टँड तोच आणि वॉर्डही तोच होता.